पेनल्टीवर भांडायचंय? आधी एवढं शिकून घ्या: फॉर्म्युला वन नव्याने बघणाऱ्या सांगली-मिरजकरांसाठी

शर्यतीत कोण पुढं गेलं हे पहिल्याच दिवशी कळतं. पुढं गेलेला माणूस अर्ध्या तासानं मागं कसा आला, हे कळायला मात्र अख्खा सीझन जातो. विश्रामबागेतल्या हॉस्टेलांत आणि मिरजेतल्या फ्लॅटांत आता रविवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाईल टीव्हीला जोडून युरोपातली शर्यत लावणारी बरीच टोळकी आहेत. २०२४ पासून भारतात ती फॅनकोडवर दिसायला लागली आणि गर्दी वाढली. टोळक्यात नवा माणूस आला की पहिल्या वीस मिनिटांत त्याला टायरचे रंग समजतात, पिट स्टॉप, म्हणजे शर्यतीत मध्येच टायर बदलायला थांबणं, समजतो. मग पडद्यावर एक छोटी पट्टी येते, ‘५ सेकंद पेनल्टी’, आणि खोलीत दोन तट पडतात. नवा माणूस भडंगाची वाटी हातात धरून दोन्हीकडं बघत बसतो.

हा लेख त्या माणसासाठी आहे. नियमपुस्तक पाठ करायची गरज नाही. एकच सवय लावून घ्यायची: प्रत्येक पेनल्टीच्या वादात तीन वेगळे प्रश्न असतात. नियम मोडला का? दोष कुणाचा जास्त? आणि शिक्षा बरोबर होती का? आरडाओरडा होतो तो एकजण पहिल्या प्रश्नावर बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्यावर, म्हणून. त्यात भर रेडिओची. चालक गाडीतून जे बोलतो ते लोक साक्ष समजून ऐकतात, आणि बहुतेक वेळा ती वकिली असते.

पायरी १: निर्णय कोण देतं ते ओळखा

नवीन लोकांची पहिली गफलत इथंच होते. ‘रेस डायरेक्टरनं पेनल्टी दिली’ असं वाक्य तुमच्या तोंडून निघालं की समोरच्यानं ओळखलं, हा नवा आहे. रेस डायरेक्टर शर्यत चालवतो. सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांच्या पुढं राहून त्यांना हळू चालायला लावणारी गाडी) कधी काढायची, लाल झेंडा कधी दाखवायचा, शर्यत पुन्हा कधी सुरू करायची, हे त्याचं काम. चार्ली व्हायटिंग यांनी ते अनेक वर्षं सांभाळलं. मार्च २०१९ मध्ये मेलबर्नच्या शर्यतीच्या तोंडावर ते वारले. त्यांच्यानंतर मायकल मासी आले, मग नील्स विटिख, आणि २०२४ च्या शेवटी रुई मार्केस.

शिक्षा देतात ते स्ट्युअर्ड. एका शर्यतीला तीन किंवा चार असतात, दर शर्यतीला माणसं बदलतात आणि २०१० पासून त्यांच्यात एक माजी रेसिंग ड्रायव्हर बसतो. रेस डायरेक्टर फक्त ‘हे बघा’ म्हणून प्रकरण त्यांच्याकडं पाठवतो. त्यांच्यासमोर सगळे कॅमेरे, गाडीचा डेटा आणि सगळ्या संघांचे रेडिओ असतात. मदतीला जिनिव्हात बसलेली एक तुकडीही असते. तुमच्या-आमच्यासमोर एक टीव्ही आणि अधूनमधून गोल फिरणारं बफरिंग. हा फरक लक्षात ठेवला तर आवाज आपोआप थोडा खाली येतो.

दर शर्यतीला माणसं बदलतात, म्हणून ‘मागच्या वेळी यांनीच सोडलं होतं’ हे वाक्य बहुधा चुकीचं असतं. मागच्या वेळी दुसरे होते. ही व्यवस्था चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. कायमचे, पगारी स्ट्युअर्ड असावेत ही मागणी जुनी आहे आणि मला ती पटते. पण आज आहे ते असं आहे.

पायरी २: पडद्यावरच्या पट्ट्या वाचायला शिका

‘नोटेड’ म्हणजे फक्त नोंद झाली. यावर उड्या मारू नका, अर्ध्या नोंदी पुढं काहीच होत नाहीत. ‘अंडर इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे चौकशी लागली, आता कान टवकारा. ‘नो फर्दर इन्व्हेस्टिगेशन’ म्हणजे विषय संपला. ‘शर्यतीनंतर चौकशी’ असं आलं तर त्या रात्री निकालावर पैज लावू नका, कारण पोडियमवर शॅम्पेन उडाल्यावरही नंबर बदलतात.

काळा-पांढरा झेंडा दिसला तर ती ताकीद आहे. तो सगळ्यात जास्त दिसतो ट्रॅक लिमिटसाठी. नियम सोपा आहे: कडेची पांढरी रेघ ट्रॅकचा भाग आहे, तिच्या बाहेरचा लाल-पांढरा उंचवटा, म्हणजे कर्ब, नाही. गाडीचा कुठलाच भाग रेघेवर किंवा आत उरला नाही की गाडी बाहेर गेली. तीनदा बाहेर गेलात की ताकीद, चौथ्यांदा ५ सेकंद. २०२३ च्या ऑस्ट्रियाच्या शर्यतीत अशा बाराशेच्या वर शंका तपासायची वेळ आली. शर्यत संपली, ॲस्टन मार्टिननं हरकत घेतली आणि मग उशिरापर्यंत नवनव्या पेनल्ट्या जाहीर होत राहिल्या. त्या दिवशी ज्यांनी लवकर जेवून टीव्ही बंद केला त्यांनी पाहिलेला निकाल आणि अधिकृत निकाल वेगळे होते.

पायरी ३: शिक्षेचे प्रकार, आणि त्यांची खरी किंमत

सगळ्यात जास्त दिसतात त्या ५ आणि १० सेकंदांच्या पेनल्ट्या. चालक पुढच्या पिट स्टॉपला थांबतो, तेवढे सेकंद गाडीला कुणी हात लावायचा नाही, मग काम सुरू. तो पुन्हा पिटमध्ये येणारच नसेल तर शेवटी त्याच्या वेळेत ते सेकंद मिळवतात. ‘हात लावायचा नाही’ हे किती काटेकोर आहे ते २०२३ च्या सौदी अरेबियात दिसलं. अलोन्सोच्या गाडीला मागचा जॅक टेकला म्हणून आणखी १० सेकंद लावले, त्याचं तिसरं स्थान गेलं आणि संघानं दाद मागितल्यावर ते परत मिळालं.

त्याहून मोठी ड्राइव्ह-थ्रू: न थांबता पिट लेनमधून, तिथल्या वेगमर्यादेत, गाडी न्यायची. शर्यतीच्या शेवटच्या तीन फेऱ्यांत ती लागली तर त्याऐवजी २० सेकंद मिळवतात. तिच्याही वर स्टॉप-अँड-गो, म्हणजे पिटमध्ये जाऊन १० सेकंद उभं राहायचं आणि काहीही काम न करता निघायचं. क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या सत्रात, दुसऱ्याला अडवलं की बहुधा तीन जागा मागं उभं राहावं लागतं.

याशिवाय लायसनवर पेनल्टी पॉइंट चढतात. ही पद्धत २०१४ ला आली. बारा महिन्यांत १२ पॉइंट झाले की एका शर्यतीची बंदी. दहा वर्षं कुणी त्या आकड्याला पोचलं नव्हतं. २०२४ मध्ये मोन्झाला केव्हिन मॅग्नुसन आणि पिएर गॅसली यांची टक्कर झाली, मॅग्नुसनला दोन पॉइंट मिळाले आणि १२ भरले. गंमत म्हणजे ज्याला धडक बसली तो गॅसलीच म्हणत होता की एवढं काही झालं नव्हतं. तरी बंदी झाली आणि बाकूला त्याच्या गाडीत ऑलिव्हर बेअरमन बसला.

आता महत्त्वाची गोष्ट. ५ सेकंद ही ठरलेली किंमत नाही. मागं मोकळी जागा असेल तर ५ सेकंद म्हणजे काहीच नाही. मेलबर्न २०२३ ला कार्लोस साइन्झला ५ सेकंद मिळाले, शेवटची फेरी सेफ्टी कारमागं एका ओळीत संपली, सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून, आणि चौथा आलेला साइन्झ थेट बारावा झाला. तोच आकडा, पण बसलेला फटका कुठच्या कुठं. म्हणून ‘फक्त ५ सेकंद?’ किंवा ‘५ सेकंद म्हणजे अन्याय’ असं बोलण्याआधी टायमिंगच्या यादीत त्याच्या मागं कोण किती अंतरावर आहे ते बघा.

याच्या उलट सिल्व्हरस्टोन २०२१. हॅमिल्टन आणि वेर्स्टापेन कॉप्स वळणावर भिडले, वेर्स्टापेन टायरच्या भिंतीत गेला आणि तपासणीसाठी हॉस्पिटलात न्यावा लागला. हॅमिल्टनचा दोष जास्त ठरला, १० सेकंद लागले, आणि तरी तो जिंकला. ‘एक माणूस हॉस्पिटलात आणि दुसऱ्याच्या हातात कप?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण स्ट्युअर्डांचं सर्वसाधारण धोरण असं की कृती बघायची, तिचा परिणाम नाही. तीच चूक वाळूत संपली काय किंवा भिंतीत संपली काय, शिक्षा सारखी. हे धोरण तुम्हाला मान्य नसेल तर धोरणावर वाद घाला. त्या दिवशीच्या स्ट्युअर्डांना शिव्या घालून उपयोग नाही.

पायरी ४: वळणाच्या आतल्या टोकाशी चित्र थांबवा

टकरीचा किंवा ‘बाहेर ढकललं’चा वाद असेल तर रिप्ले एका ठराविक जागी थांबवायचा असतो. वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, ज्याला सगळे एपेक्स म्हणतात. तिथं दोन गाड्या एकमेकींच्या मानानं कुठं आहेत, यावर बहुतेक निकाल ठरतो.

यासाठी एफआयएची, म्हणजे शर्यतीचे नियम करणाऱ्या जागतिक संघटनेची, चालकांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ती बरीच वर्षं संघ आणि चालकांपुरतीच होती. जून २०२५ मध्ये ती सगळ्यांसाठी प्रसिद्ध झाली. नवख्याला त्यातल्या दोनच ओळी पुरतात. आतून ओव्हरटेक करत असाल तर एपेक्सच्या आधी आणि एपेक्सला तुमचा पुढचा एक्सल (पुढच्या दोन चाकांमधला आस) निदान दुसऱ्याच्या आरशापर्यंत पोचलेला हवा. बाहेरून करत असाल तर एपेक्सला तुमचा पुढचा एक्सल त्याच्या पुढच्या एक्सलच्या पुढं हवा. असं असेल तरच ‘मला जागा ठेव’ म्हणायचा हक्क. शिवाय गाडी ताब्यात हवी आणि वळण ट्रॅकच्या आत पुरं करता आलं पाहिजे. नुसतं आत घुसून नाक पुढं काढलं की हक्क मिळाला असं नाही.

बाहेरून जाणाऱ्याला ही अट फार जड आहे. आत असलेला चालक उशिरा ब्रेक मारून एपेक्सला पुढं राहू शकतो आणि दुसऱ्याला रस्त्याबाहेर नेऊ शकतो. २०२४ च्या ऑस्टिनला नेमकं हेच भांडण झालं. नॉरिसनं वेर्स्टापेनला बाहेरून गाठलं, दोघंही ट्रॅकबाहेर गेले, नॉरिस पुढं येऊन परतला आणि त्याच्या संघानं जागा परत द्यायला सांगितलं नाही. बाहेर जाऊन फायदा घेतला म्हणून ५ सेकंद, आणि तिसरा आलेला नॉरिस चौथा. माझ्या मते नियमाच्या अक्षराप्रमाणं निकाल बरोबर होता आणि नियमच अर्धवट होता, कारण बाहेर तर दोघंही गेले होते. आठवडाभरानं मेक्सिकोत वेर्स्टापेननं नॉरिसला दोनदा तसंच रेटलं, तेव्हा त्याला १० आणि १० असे २० सेकंद बसले आणि तो सहावा आला.

चित्र थांबवलं तरी ते कुठल्या कॅमेऱ्याचं आहे ते बघा. बैलगाडा शर्यतीत शेवटच्या रेघेच्या दोन बाजूंना उभी असलेली माणसं एकाच जोडीबद्दल दोन वेगळ्या शपथा घेतात, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. इथंही तसंच आहे. हेलिकॉप्टरमधून अंतर कळतं, गाडीवरच्या कॅमेऱ्यातून स्टिअरिंग कधी वळलं ते कळतं, आणि समोरच्या लांब लेन्सच्या कॅमेऱ्यातून दोन्ही गाड्या खोट्याच जवळ दिसतात. समोरच्या कॅमेऱ्यावर विसंबून कधीही वाद घालू नका.

पायरी ५: रेडिओ कानानं नव्हे, डोक्यानं ऐका

इथं जरा थांबू, कारण नवखे सगळ्यात जास्त इथं फसतात.

पहिली गोष्ट, टीव्हीवर रेडिओ येतो तो निवडलेला असतो आणि बहुतेकदा उशिरा लागतो. तुम्ही ऐकता तेव्हा ते बोलून एक-दोन फेऱ्याही होऊन गेलेल्या असू शकतात. त्यामुळं ‘बघा, याला आधीच सांगितलं होतं’ म्हणण्याआधी विचार करा, आधी म्हणजे कधी?

दुसरी गोष्ट, नियम. मूळ वाक्य एवढंच: चालकानं गाडी एकट्यानं आणि मदतीशिवाय चालवावी. या वाक्याला धरून २०१४ पासून संघांच्या बोलण्यावर बंधनं आली आणि २०१६ च्या सुरुवातीला ती फार आवळली. इंजिनिअरला काय सांगता येईल याची यादी होती, आणि यादीबाहेरचं सांगितलं की शिक्षा. परिणाम विचित्र झाले. त्या वर्षी बाकूला हॅमिल्टनची गाडी चुकीच्या इंजिन सेटिंगवर अडकली. तो विचारत राहिला, संघाला उत्तर माहीत होतं, सांगायची परवानगी नव्हती. शेकडो किलोमीटरच्या वेगानं जाणारा माणूस स्टिअरिंगवरची बटणं एकेक करून चाचपत होता. सिल्व्हरस्टोनला रोझबर्गचा गिअरबॉक्स बिघडला. संघानं सेटिंग सांगितलं, वर सातवा गिअर टाळायलाही सांगितलं. तेवढ्यावर शर्यतीनंतर १० सेकंद लागले आणि तो दुसऱ्यावरून तिसरा झाला. पुढं हंगेरीत जेन्सन बटनला ब्रेकचा त्रास होता, त्यावर संघ बोलला म्हणून ड्राइव्ह-थ्रू. ब्रेक जाणाऱ्या माणसाशी ब्रेकबद्दल बोलायचं नाही, हे कुणालाच पटेना. जुलै २०१६ च्या अखेरीस, जर्मनीच्या शर्यतीपासून, बहुतेक बंधनं उठली.

‘रेडिओवर मदत करणं चिटिंग आहे’ असं कुणी आज म्हणालं तर तो २०१६ मध्ये अडकलाय. आज इंजिनिअर जवळजवळ काहीही सांगू शकतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. पिटमधून गाडीचं सेटिंग बदलता येत नाही, ते २००३ पासून बंद आहे. इंजिनिअर सांगतो, बटण चालकानंच फिरवायचं. आणि शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपमध्ये बोलण्यावर २०१६ नंतरही काही वर्षं निर्बंध होते. हंगेरी २०२० ला ट्रॅक सुकत होता, हास संघानं आपल्या दोन्ही चालकांना फॉर्मेशन लॅपमध्येच पिटमध्ये बोलावून कोरड्या ट्रॅकचे टायर चढवले. डाव भन्नाट होता. पण सांगितलं चुकीच्या वेळी, म्हणून दोघांनाही १० सेकंद, आणि मॅग्नुसन नवव्यावरून दहावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची. रेडिओवर बोलणाऱ्याला माहीत असतं की स्ट्युअर्ड ऐकताहेत. ‘त्यानं मला बाहेर ढकललं’, ‘मला जागाच ठेवली नाही’ ही वाक्यं इंजिनिअरसाठी नसतात, इंजिनिअरला समोर डेटा दिसतोय. ती तिसऱ्या कानासाठी असतात. म्हणून चालक जितका मोठ्यानं ओरडेल तितकं त्याचं बोलणं बाजूला ठेवा आणि चित्र बघा. याचा अर्थ तो खोटं बोलतोय असं नाही. २०१९ च्या कॅनडात फेटल गवतावरून परत येताना हॅमिल्टनच्या वाटेत आला, ५ सेकंद मिळाले, पहिला येऊनही जिंकला हॅमिल्टन. फेटल रेडिओवर पेटला होता आणि शर्यतीनंतर त्यानं गाड्यांसमोरच्या १ आणि २ नंबरच्या पाट्याही बदलल्या. तो मनापासून चिडला होता हे खरं. पण चिडणं हा पुरावा नव्हे.

चौथी, रेडिओ खरा पुरावा ठरतो तेव्हा तो बहुधा बोलणाऱ्याच्या विरुद्ध जातो. मेलबर्न २००९. सेफ्टी कारच्या काळात टोयोटाचा त्रुली हॅमिल्टनच्या पुढं गेला म्हणून त्रुलीला २५ सेकंद, आणि हॅमिल्टन तिसरा. स्ट्युअर्डांसमोर हॅमिल्टन आणि मॅक्लारेननं असं चित्र उभं केलं की त्याला मुद्दाम पुढं जाऊ दिलं नव्हतं. मग रेडिओचं रेकॉर्डिंग आलं. त्याला पुढं जाऊ दे असं संघानंच सांगितलं होतं. हॅमिल्टन बाद, त्रुली पुन्हा तिसरा. तेव्हापासून संघ स्ट्युअर्डांसमोर जाताना आपलंच रेकॉर्डिंग आधी ऐकत असतील असं मला वाटतं.

संघाची चूक असली तरी भोगतो चालक, हेही मनात पक्कं करा. मोनॅको २०२५ ला क्वालिफाइंगमध्ये हॅमिल्टनला त्याच्या संघानं वेर्स्टापेनबद्दल रेडिओवर चुकीचं सांगितलं, तो वाटेत आला, आणि तीन जागा मागं उभा राहिला तो हॅमिल्टन.

आणि संघाचा हुकूम? तो आज बेकायदा नाही. २००२ च्या ऑस्ट्रियात फेरारीनं बारिकेलोला शेवटच्या क्षणी शूमाकरला पुढं सोडायला लावलं, लोक भडकले, म्हणून बंदी आली. मग संघांनी आडून बोलायला सुरुवात केली. २०१० च्या जर्मनीत मासाला रेडिओवर सांगितलं गेलं की फर्नांडो तुझ्यापेक्षा वेगात आहे, कळलं ना? कळलं सगळ्यांनाच. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला आणि पुढच्या वर्षी तो नियमच काढून टाकला. असल्या हुकमाचा राग येऊ शकतो, मलाही येतो, पण त्यावर पेनल्टी मागू नका.

पायरी ६: निकालपत्र वाचा

नवख्याला जुन्यांच्या पुढं नेणारी पायरी हीच, आणि ती कुणीच करत नाही. प्रत्येक निर्णयाचं एक-दोन पानी पत्र एफआयएच्या वेबसाइटवर त्याच दिवशी येतं. इंग्रजी सोपं असतं. वर गाडीचा नंबर, चालक, संघ, वेळ. मग चार खाने: काय घडलं, कुठलं कलम मोडलं, निर्णय काय, आणि कारण. शेवटच्या खान्यातच सगळं असतं. तिथं ‘सर्वस्वी’ दोषी म्हटलंय की ‘मुख्यतः’ दोषी, ते बघा. सिल्व्हरस्टोन २०२१ मध्ये हॅमिल्टन मुख्यतः दोषी होता. म्हणजे थोडा वाटा वेर्स्टापेनचाही धरला गेला, आणि शिक्षा मध्यम का होती ते तिथंच कळतं. शिक्षा कमी झाली असेल तर कारणही तिथंच सापडतं.

५ किंवा १० सेकंदांवर अपील करता येत नाही. एकच दार उघडं असतं, फेरतपासणीचा अर्ज. त्याची अट कडक: महत्त्वाचा, संबंधित आणि निर्णयाच्या वेळी उपलब्ध नसलेला नवा पुरावा हवा. कॅनडा २०१९ साठी फेरारीनं जो पुरावा नेला त्यात आपल्या करुण चंढोकनं टीव्हीवर केलेलं विश्लेषणही होतं. स्ट्युअर्डांनी ते महत्त्वाचं मानलं नाही. ऑस्टिन २०२४ नंतर मॅक्लारेनचा अर्ज असाच परत गेला. कधीतरी दार उघडतं. झांडव्होर्ट २०२५ ला साइन्झ आणि लॉसन भिडले, साइन्झला १० सेकंद आणि दोन पॉइंट मिळाले. विल्यम्सनं नवं फुटेज दिलं, निर्णय फिरला, पॉइंट गेले. १० सेकंद मात्र त्यानं शर्यतीतच भोगले होते, ते कोण परत देणार?

पायरी ७: टोळक्यात बोलताना

आधी मोबाईलचं बघा. दोन घरांतल्या स्ट्रीममध्ये अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. ज्याचं नेट चांगलं तो ग्रुपवर आधी ओरडतो आणि बाकीच्यांची मजा जाते. शर्यत चालू असताना ग्रुप म्यूट, हा नियम करून टाका.

पहिला रिप्ले संपायच्या आत मत देऊ नका. दुसरा रिप्ले लागला की चालकांची नावं न घेता बोला: ‘आतली गाडी’, ‘बाहेरची गाडी’. हा प्रयोग करून बघाच. वेर्स्टापेनचा भक्त आणि हॅमिल्टनचा भक्त दोघांचीही निम्मी हवा तिथंच जाते. मग हेल्मेटं मनातल्या मनात बदला. उलट असतं तरी तुम्ही हेच म्हणाला असता का?

मग तीन प्रश्न त्याच क्रमानं. नियम मोडला यावर एकमत झालं तरच दोषाकडं जा, दोषावर झालं तरच शिक्षेकडं. बरेच वाद दुसऱ्या प्रश्नावरच विरघळतात, कारण दोघं खरं तर शिक्षेवर भांडत होते असं लक्षात येतं.

मागचं उदाहरण द्यायचं तर वर्ष आणि वळण सांगून द्या, आणि पहिल्या फेरीचं उदाहरण चाळिसाव्या फेरीला लावू नका. पहिल्या फेरीत सगळ्या गाड्या एकाच वळणात शिरतात म्हणून तिथं स्ट्युअर्ड मुद्दाम हात सैल सोडतात. सेफ्टी कारमागचे प्रकार वेगळे, तिथं हात घट्ट. सिल्व्हरस्टोन २०२५ ला पियास्त्री सेफ्टी कारमागं अचानक ब्रेक मारला म्हणून १० सेकंदांत अडकला आणि नॉरिस जिंकला. पियास्त्रीनं रेडिओवर संघाला विचारलंही, अन्याय वाटत असेल तर आमच्या जागा बदलणार का? संघ नाही म्हणाला.

‘हे सगळं ठरवून चाललंय’ म्हणणारा एकजण प्रत्येक टोळक्यात असतो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला चहा आणायला पाठवा. पण ‘रेस डायरेक्टरवर दबाव येतो’ असं तो म्हणाला तर त्याचं निम्मं ऐका. २०२१ मध्ये संघांचे बडे लोक थेट मासींशी रेडिओवर घासाघीस करत होते आणि ते टीव्हीवरही लागत होतं. २०२२ पासून ते बोलणं बंद केलं.

सराव कशावर करायचा

जुन्या शर्यतींचे छोटे व्हिडिओ फॉर्म्युला वनच्या यूट्यूबवर आहेत. तीन घ्या, याच क्रमानं. कॅनडा २०१९, कारण तिथं एकच गाडी चुकते आणि प्रश्न फक्त परत येण्याचा आहे. मग सिल्व्हरस्टोन २०२१, दोषाची वाटणी समजायला. मग ऑस्टिन २०२४, नियमच तोकडा पडला तर काय होतं ते बघायला. प्रत्येक वेळी आधी तुमचा निर्णय कागदावर लिहा, मग निकालपत्र उघडा.

अबू धाबी २०२१ ला मात्र पहिल्या महिन्यात हात लावू नका. ते पेनल्टीचं प्रकरणच नाही, सेफ्टी कार परत कशी बोलवायची याचं आहे, आणि त्यावर बोलायला बसलेलं एकही टोळकं मी वेळेवर जेवायला उठलेलं पाहिलेलं नाही.